कारंज्याकडचा वारा

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, भरीत-भाकर आठवते. मला माझी नणंद आठवते आणि पोटात दुखायला लागतं.

यंदाही तेच झालं. तुरी वाळायला लागल्या, सकाळी पालकावर इतकं दव की जुड्या बांधताना बोटं बधिर होतात, आणि अशाच एका सकाळी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात वाकलेली असताना गालाला तो वारा लागला. कोरडा, बारीक, अंगाला न झोंबता आत शिरणारा. कारंजा गावाकडचा. मी पाठ सरळ केली आणि वर पाहिलं. वर काही नव्हतं. स्वच्छ निळं आभाळ, त्यात एक घार. आमचे हे पलीकडं मोटरीजवळ उभे होते. म्हणाले, “काय पाहून राह्यली वं?”

“काही नाही. घार हाय.”

“घार कधी पाह्यली नाही काय?”

या माणसाशी लग्न होऊन मला मुलं झाली, ती शाळेत गेली, आणि अजून याला कळत नाही की बायको आभाळाकडं पाहते तेव्हा तिला याच्या बहिणीचा राग आलेला असतो.

आमची बाग मंगरूळपीरच्या बाहेर, मानोऱ्याच्या रस्त्याला. वांगी, मेथी, पालक, टमाटे, सांभार, जे बाजारात चालेल ते. बागेला लागून एका व्यापाऱ्याचा पडीक माळ आहे. त्या माळावर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात फुगा आला होता. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. आत आग पेटवून आभाळात जाणारा, खाली वेताची टोपली आणि टोपलीत माणसं. कुठल्याशा कंपनीला आमच्याकडं हवाई सफर चालते का ते पाहायचं होतं. एवढा मोठा देश सोडून त्यांना आमच्या शेजारचा माळ का सापडला, देव जाणे.

पहिल्या सकाळी तो जमिनीवर पसरलेला होता, लाल-पिवळा, निम्म्या माळभर. मोठ्या पंख्यानं त्यात हवा भरली. मग आगीचा लोळ असा सुटला की आमच्या म्हशीनं दावं तोडलं. आणि ते कापड हळूहळू उठून उभं राहिलं. घराएवढं नाही, घरावर घर ठेवावं एवढं. आतून आग पेटली की सगळा फुगा दिव्यासारखा उजळायचा. पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेली माणसं रस्त्यावर गाड्या थांबवून पाहत होती. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली: मला यात बसायचं आहे. बस्स. मला एकदा वर जायचं आहे.

हसू नका. मी आयुष्यात सगळ्यात उंच चढले ती आमच्या घराच्या स्लॅबवर, पापड वाळू घालायला. शाळेत मला भूगोल फार आवडायचा. व्यापारी वारे, मोसमी वारे, सगळं पाठ होतं. मग लग्न झालं आणि वाऱ्याचा संबंध राहिला तो धान्य उपणण्यापुरता. फुग्याचं तिकीट आमच्यासारख्यांनी विचारायचंही नव्हतं. डॉक्टर यायचे, अडते यायचे, लग्न ठरलेली पोरं-पोरी फोटो काढायला यायची. आम्ही आपले धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून पाहायचो.

आणि माझी नणंद वैशू धुऱ्यावरून थेट पलीकडं गेली.

वैशू तेव्हा बीएस्सी होऊन घरी बसली होती. बसली होती म्हणजे अक्षरशः बसली होती. परीक्षांची तयारी. घरात झाडू मारायचा म्हटलं की हिचा पेपर जवळ आलेला असायचा. मी भल्या सकाळी भाजी तोडायची आणि हिनं गोधडी पांघरून चालू घडामोडी वाचायच्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणायच्या, “तिले उठवू नको वं, डोकं शिणते पोरीचं.” माझ्या पाठीचं काय होतं ते कुणी विचारलं नाही.

तर झालं असं की फुगा एकदा एका माणसाच्या हरभऱ्यात उतरला. उभं पीक तुडवलं गेलं. तो माणूस टोपली धरून बसला, सोडेना. वैशू गंमत म्हणून स्कूटीवरून फुग्याच्या मागं गेली होती. तो माणूस आमचा दूरचा मामा निघाला. हिनं दोन शब्द गोड बोलून मिटवलं. फुगा चालवणाऱ्या कोमल मॅडम खूश. राजस्थानच्या बाई, उन्हानं रापलेल्या, पुरुषासारखा कडक हात मिळवणाऱ्या. म्हणाल्या, “ये लड़की तो सबको जानती है!”

सबको जानती है म्हणे! अहो, मी जानती है. दर बाजाराला मी जाते. कुणाचा धुरा कुठं संपतो, कुणाचं कुणाशी भांडण आहे, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, सगळं मला ठाऊक. पण मॅडमच्या पुढ्यात ती स्कूटीवरून गेली आणि मी डोक्यावर भारा घेऊन उभी होते. दुसऱ्या दिवसापासून वैशूला काम. फुगा कुठं उतरणार ते आधी ओळखायचं, आणि त्या वावराच्या मालकाला सांगून ठेवायचं.

ते ओळखायचं कसं, हे ती संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन मला सांगायची. मी भाकरी थापत असायची आणि ही ओट्याला टेकून.

“वयनी, फुग्याले हँडल नसते.”

“मंग वळवते कसा?”

“वळवतच नाही. फक्त वर-खाली करते. खाली एक वारा अस्ते, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. जो आपल्या कामाचा, त्याच्यात जाऊन बसाचं.”

“एसटी बदलते तशी?”

“हो वयनी! बराबर तशीच!”

तिनं शाबासकी दिल्यासारखं म्हटलं आणि माझी भाकरी तव्यावर फाटली.

पण खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. मोबाइलवर उद्याच्या वाऱ्याचा अंदाज यायचा. जमिनीजवळ कुठून, झाडांच्या वर कुठून, त्याच्याही वर कुठून आणि किती जोरात. आपल्याला वाटतं आभाळ एक आहे. ते गोधडीसारखं पदरांचं आहे, आणि एकेक पदर आपापल्या दिशेनं सरकत असतो. हिवाळ्यात आमच्याकडं खालचा वारा बहुधा कारंज्याकडून, आणि वर जावं तसा तो फिरत फिरत मानोऱ्याकडून येतो. कोणत्या पदरात फुगा किती वेळ राहील तेवढं त्या पदरातलं अंतर, मग पुढच्या पदरातलं, असं जोडत जोडत वैशू नकाशावर बोटानं वाकडी रेघ काढायची. सकाळी उडायच्या आधी मॅडम एक छोटा काळा फुगा नुसता सोडून द्यायच्या. तो कुठं वळतो ते सगळे मान वर करून पाहायचे आणि रेघ थोडी इकडं-तिकडं व्हायची. मग वैशूचा फोन: “काका, तुमच्या वावरात फुगा उतरून राह्यला बरं का. तूर सोंगून वावर खाली झालं न तुमचं? झालं मंग.”

आणि फुगा तिथंच उतरायचा! एखाद्या वेळी चुकायचा, पण बहुतेक वेळा तिथंच. रेघ खरी ठरली की ही घरी येऊन चहा मागायची. आणि तो मला करावा लागायचा.

आमचे हे पानठेल्यावर सांगत फिरायचे, “माही बहीण हवा सांगते.” आत्याबाई आल्या-गेल्याला सांगायच्या. शेजारच्या बाया विचारायच्या, “उद्या पापड टाकू काय वं वैशू?” मी इतकी वर्षं पापड टाकते, मला कुणी विचारलं नाही. माझा नुसता तीळपापड.

हेव्याचं एक आहे. परक्याचा हेवा वाटला तर माणूस दार लावून घेतो. घरातल्याचा वाटला तर त्यालाच वाढावं लागतं. वर विचारावं लागतं, अजून घे ना. वैशू वाईट नव्हती, हाच तर खरा त्रास होता. वाईट असती तर मी दोन घरं जाऊन सांगून आले असते आणि मोकळी झाले असते. ती येऊन माझ्या गळ्यात पडायची, थंड हात माझ्या मानेला लावायची आणि म्हणायची, “वयनी, आज काय झालं माहीत हाय का?” माहीत नसायचं. ते सगळं तिलाच झालेलं असायचं.

अशात तिचा अमरावतीला पेपर आला. ती आदल्या दिवशीच निघाली. कोमल मॅडम बागेत आल्या, चेहरा काळजीचा. “कल कौन करेगा रास्ते का काम?”

मी हातातलं खुरपं टाकलं. “मैं करती ना मॅडम!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हसल्या. म्हणाल्या, कल अच्छा हो गया तो आखरी दिन टोकरी में एक जगह वैशाली की, एक आपकी. पक्का.

त्या संध्याकाळी अंदाज आला. सरळ, सोपा: ईशान्येचा वारा, खालीही तोच, वरही तोच. मी नाचायचीच बाकी होते. आमच्यापासून ईशान्येला काय? कारंजा. आणि कारंज्याच्या रस्त्यावर काय? माझं माहेर! मी भावाला फोन लावला. “दादा, उद्या फुगा आपल्या वावरात उतरते. मी पाठवून राह्यली.” मॅडमना म्हटलं, भाई का खेत है, बड़ा है, खाली है, सबको बोल दिया. त्यांनी ‘शाब्बास’ म्हटलं. भावाचं शेत कोणत्या दिशेला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सकाळी मी यांच्या मोटरसायकलवर माहेरी. नवी साडी. आईनं वावरापर्यंत सडा घातला होता, रांगोळी काढली होती. मास्तरांनी शाळा रांगेनं आणून उभी केली होती. डफडंवाला आला होता. सरपंच मला ‘ताई’ म्हणून राहिले होते, जे एरवी माझ्याकडं पाहतही नाहीत. जन्मात पहिल्यांदा वाटलं, आज सगळं मला झालेलं असेल आणि वैशूला माहीत नसेल.

दूर झाडांच्या वर लाल ठिपका आला. पोरांनी गलका केला. डफडं वाजलं. ठिपका टिकलीएवढा झाला, तिथंच राहिला, मग बारीक व्हायला लागला.

आई डोळ्यांवर हात धरून म्हणाली, “अवं माय, हा तं लहान होऊन राह्यला!”

डफडं थांबलं. दादानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या त्या बघण्यानं मला पार जमिनीत घातलं. त्या घटकेला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाऱ्याला नाव पडतं ते तो जिथून येतो त्याचं. आणि स्टँडवर गाडीला नाव असतं ते ती जिथं जाते त्याचं! कारंज्याची गाडी कारंज्याला जाते. कारंज्याचा वारा कारंज्याहून येतो आणि निघून जातो वाशिमच्या अंगाला. मी वाऱ्याला एसटी समजले होते.

पण मी म्हणते, चूक माझी कशी? माहेरचा माणूस म्हणजे माहेराहून आलेला. माहेरची गाडी म्हणजे माहेरी जाणारी. आता वारा माणूस की गाडी, हे भूगोलाच्या कोणत्या बाईनं आम्हाला सांगितलं होतं? हा प्रश्न मी आजही कुणालाही विचारायला तयार आहे.

फुगा तिकडं उलट्या अंगाला, आसेगावकडं एका वावरात उतरला. नुकत्याच सोंगलेल्या तुरीच्या ढिगाशेजारी, पेटती आग घेऊन. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. अख्खं घर काठ्या घेऊन धावलं, आणि त्यांचं काय चुकलं? जीप आत येऊ देईनात. शेवटी मॅडमनी फोन लावला तो अमरावतीला. पेपर देऊन बाहेर पडलेल्या वैशूनं तिथून बोलून मिटवलं. म्हणजे तिथंही वैशूच.

ती घरी आली तेव्हा सगळं घर हसून हसून लोळत होतं. ती हसली नाही. म्हणाली, “मी सांगाले पायजे होतं, वयनी. मलेबी पहिल्या दिवशी उलटंच वाटलं होतं.” ती हसली असती तर बरं झालं असतं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. आखरी दिवसाबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत, आणि मी कोणत्या तोंडानं विचारणार?

त्या शेवटच्या सकाळी माळावर निम्मं गाव होतं. फुगा उभा राहिला. टोपलीत चढायच्या आधी वैशू वळून माझ्याकडं आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “वयनी, तुमी जा माह्या जागी. तुमाले किती हौस हाय.”

मला जायचं होतं हो. पाय माझे आपोआप पुढं झालेले मला आठवतात. पण ती देऊन राहिली होती, आणि गाव पाहून राहिलं होतं. मी म्हटलं, “मले नाही लागत कोणाच्या ताटातलं.”

तिचा चेहरा उतरला. मग ती चढली. आम्हा चार-सहा जणांना टोपलीचे दोर धरायला लावले होते. आग सुटली, दोर ताणला गेला, आणि माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. नुसत्या टाचा. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, “छोड़ दो!” मी सोडलं. बाकीच्यांपेक्षा थोडं उशिरा सोडलं. वैशू वरून हात हलवत होती, लहान लहान होत होती. मी हात हलवला नाही.

संध्याकाळी ती एकसारखी बोलत होती. वरून आपलं घर काडीपेटीएवढं दिसते, वयनी. वांग्याच्या ओळी इतक्या सरळ दिसतात, तुमी लावलेल्या. कुत्र्याचा आवाज येते वरपर्यंत, पण वारा लागतच नाही, कारण आपण त्याच्याच सोबत चाललेलो अस्तो. मी भाजीत तिखट जरा जास्त टाकलं. तिनं ते नाक पुसत पुसत खाल्लं.

कंपनी गेली. सफर काही आमच्याकडं चालली नाही. मॅडमनी मात्र वैशूला राजस्थानात कामाला बोलावलं. घरात मोठं रणकंदन. आत्याबाई जेवेनात. हे म्हणाले, “लोक काय म्हणतीन? पोट्टी वाऱ्यावर सोडली म्हणतीन.” तेव्हा मीच उभी राहिले. म्हटलं, “जाऊ द्या तिले. पोरगी रोज इथं कुढून मरीन.” सगळ्यांना माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. वैशू माझ्या गळ्यात पडून रडली. खरं सांगू? मला ती रोज डोळ्यांपुढं नको होती.

गेली. आणि पोटातलं दुखणं काही तिच्यासोबत गेलं नाही.

ओट्याला टेकून बोलणारं कुणी राहिलं नाही. भाकरी फाटायच्या थांबल्या. शेजारच्या बाया पापडाचं विचारायला येईनात. मी मोबाइलमध्ये ते वाऱ्याचं पान घालून घेतलं, मुलाकडून नाही, दुकानातून, म्हणजे घरात चर्चा नको. आणि त्यात मंगरूळपीर नाही, तिचं गाव टाकलं. कधी न पाहिलेलं गाव. रोज चहा उकळेपर्यंत मी तिथला वारा पाहते. खाली कुठून, वर कुठून. नकाशावर तळं आहे, तळ्याच्या एका बाजूला विटांच्या भट्ट्या, पलीकडं बोरांची झाडी, एक रेल्वेचा रूळ. आज ही इथून उडाली असेल, आज तिथं उतरली असेल. रेघ काढते आणि पुसते. वारा जोराचा दिसला की मला बरं वाटतं, आज बाई जमिनीवरच. मग दिवसभर तोच वारा जाऊन जाऊन पाहते, पडला की नाही.

काल तिचा फोन आला. मी टमाटे निवडत होते.

“वयनी, मी पास झाली. लायसन भेटलं. आता मीच चालवीन फुगा.”

पोटात अशी कळ आली की मी टोपल्याचा काठ धरला. म्हटलं, “बरं झालं. गोड कर काहीतरी.”

“पुढच्या पंधरवड्यात माही पहिली फेरी हाय, वयनी. एक जागा मी कोणालेच देली नाही. या न.”

“टमाटे तोडणीवर आले. इथं कोण पाहीन?”

मग तिचा तो जुना, चिडवायचा आवाज. “बरं, राह्यलं. मंग सांगा, उद्या सकाळी मॅडमसोबत मी कुठं उतरीन?”

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. “विटाच्या भट्ट्याच्या पल्याड. वर जास्त नको जाऊ, वर वारा पश्चिमेचा झाला, तो तुले रुळाकडं नेईन. खालीच राहजो.”

 

“वयनी,” ती म्हणाली, “तुमाले भट्ट्या कशा मालूम?”

मी टमाटे निवडत राहिले.

“तुमी रोज पाह्यत होत्या?” तिचा आवाज ओला झाला होता. “मंग तुमी माह्या सोबतच होत्या न, वयनी. इतके दिवस.”

“सोबत कायची?” मी म्हटलं. “जळून राह्यली होती मी इथं. रोज.” आणि ती काही बोलायच्या आत म्हटलं, “ती जागा कोणाले देऊ नको. मी येतो. अन् मले काठाले उभं करजो, मधात नाही.”